कृमी माणसाचा की कुत्र्याचा

सासूबाईंकडे संडासचा नमुना मागायचा कसा, या विचारात माझे दोन दिवस गेले. लग्नाला चार वर्षं झाली होती. आमचं बरं जमायचं, पण असं काही मागायची वेळ कधी आली नव्हती. शेवटी एका सकाळी त्या पडवीत मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या, तिथे जाऊन बसले आणि प्लास्टिकची छोटी डबी पुढे केली.

"आई, उद्या सकाळी यात थोडंसं द्याल का?"

"थोडंसं काय?"

मी सांगितलं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली, आधी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कालेजात हे करती व्हय तू?"

"हेही करते."

"अन् आम्ही लोकांला सांगतो, सून प्रोफेसर हाय."

दुसऱ्या दिवशी डबी मात्र मिळाली. वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून सुतळीने बांधून.

हे नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाचं. मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. नवरा अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. आम्ही राहायचो मखमलाबादच्या पुढे, मळ्यात. सासरे लवकर गेले आणि तेव्हापासून मळा सासूबाईंनीच चालवला. मेथी, कोथिंबीर, पालक आणि दसरा-दिवाळीला झेंडू. पाणी भरायचं, खुरपायचं, काढायचं, सगळं अनवाणी. चप्पल त्या फक्त बाजारात जाताना घालायच्या.

अशी बाई दोन पावसाळ्यांपासून थकायला लागली होती. बांधावर चढलं की धाप, डोळ्यांच्या पापणीखाली पांढरं, नखं कागदासारखी. डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं. बरं वाटलं. आठ महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा औषध, पुन्हा बरं, पुन्हा पांढऱ्याफटक. तिसऱ्यांदा बाजारातून येताना त्या रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि अर्धा तास उठल्याच नाहीत. तेव्हा मला लाज वाटली. मी परोपजीवी कृमी शिकवत होते आणि घरातल्या माणसाचा नमुना एकदाही पाहिला नव्हता.

सूक्ष्मदर्शकाखाली अंडी लगेच दिसली. लंबगोल, पातळ कवचाची, आत चार-आठ पेशी. हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी. हे कृमी आतड्याला तोंडाने चिकटून रक्त पितात. त्यांची अंडी विष्ठेतून ओल्या मातीत पडतात, अळ्या बाहेर येतात आणि अनवाण्या पायाच्या कातडीतून शिरतात. मी कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक रविवारी घरी आणला. सासूबाईंनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"हे एवढंसं मला बसवतंय?"

"याची आई बसवते. ती पोटात आहे."

औषध पुन्हा दिलं. पण या वेळी त्यांनी मला जो प्रश्न विचारला तो मी स्वतःला विचारायला हवा होता. आमच्याकडे पक्का संडास होता. आजूबाजूच्या दोन मळ्यांतही होता. शेतात कोणी बसत नव्हतं. मग मातीत हे येतं कुठून?

"आपल्या वाफ्यात तर नुसती कुत्री फिरत्यात," त्या म्हणाल्या. "सकाळी कोथिंबिरीत घाण कोण करतं? तीच ना?"

आमची तीन कुत्री होती. राखणीला हवीतच. मी सासूबाईंना पुस्तकातलं सांगितलं: कुत्र्याचा अंकुशकृमी वेगळा, तो माणसाच्या कातडीत शिरतो, तिथेच घुटमळतो, खाज येते आणि मरतो. माणसाच्या आतड्यात तो वाढत नाही.

"हे तुमच्या पुस्तकानं कुत्र्याला सांगितलंय का?"

मी हसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मळ्यातूनच तांबड्या कुत्रीचा नमुना उचलला आणि शेजारी-शेजारी दोन काचपट्ट्या ठेवल्या. एक सासूबाईंची, एक कुत्रीची. दिवसभर पाहत राहिले. मोजमाप घेतलं, चित्रं काढली. काही फरक दिसेना. दोन्ही अंडी एकसारखी होती. लेबल निघालं असतं तर कोणती कोणाची, हे मीही सांगू शकले नसते.

मी पीएचडीला नाव नोंदवलं होतं, पण विषय अडला होता. माझे मार्गदर्शक पुण्याला होते, फार कमी बोलणारे. त्यांच्यापुढे चित्रं ठेवली. त्यांनी ती पाहिली आणि परत केली.

"अंड्यावरून हे ओळखता येत नाही. कोणालाच येत नाही."

"मग?"

"डीएनए बघावा लागेल. आणि पुस्तक अर्धंच वाचलंत तुम्ही. कुत्र्या-मांजरांच्या अंकुशकृमींमध्ये एक जात अशी आहे, की ती माणसाच्या आतड्यातही वाढते. आपल्याकडे ती कोणी शोधत नाही, कारण अंडी सारखी दिसतात आणि सगळे 'हुकवर्म' एवढंच लिहून मोकळे होतात."

सासूबाईंचं वाक्य मी त्यांना सांगितलं. ते पहिल्यांदा हसले. "विषय मिळाला तुम्हाला," म्हणाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला राहून मी काम शिकले. कल्पना सोपी होती. कृमीच्या डीएनएमध्ये एक पट्टा असतो, जो जातीगणिक थोडा बदलतो. आधी त्या पट्ट्याच्या लाखो नकला करायच्या. मग त्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, टाकायचं, जे डीएनएची ठरावीक अक्षरं आली तिथेच कापतं. एका जातीत ती अक्षरं एका जागी, दुसरीत दुसऱ्या जागी. म्हणजे तुकडे वेगवेगळ्या लांबीचे होणार. ते 'जेल' नावाच्या जेलीसारख्या थरातून विजेने पळवले, की लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात आणि पट्ट्यांची नक्षी दिसते. नक्षीवरून जात. हे अक्षरांचं कोडं मला इतकं आवडलं, की मी बसमध्ये बसल्या-बसल्या कागदावर तुकडे पाडत असायचे.

अडचण यंत्राची होती. नकला करायला नळ्या आळीपाळीने तीन तापमानांतून न्याव्या लागतात आणि ते काम करणारं यंत्र पुण्याच्या विभागात एकच होतं. त्यासाठी विद्यार्थ्यांची रांग लागलेली. सुट्टी संपली तेव्हा सरांनी मला लागणारी रसायनं, माणसाच्या आणि कुत्र्याच्या ओळखीच्या कृमींचे नमुने बर्फात बांधून दिले आणि म्हणाले, "यंत्र नव्हतं तेव्हा लोक हातानं करायचे. तीन पाण्याची भांडी आणि घड्याळ. कंटाळा आला नाही तर होतं."

कॉलेजात एक गरम पाण्याचं उपकरण आमच्याकडे होतं, दोन रसायनशास्त्राकडून मागून आणली. एक चौऱ्याण्णव अंशांवर, एक पंचावन्नवर, एक बहात्तरवर. नळ्या धरायला नवऱ्याने टूलरूममधल्या उरलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोकं पाडून लांब दांड्याची चाळणी करून दिली. दिसायला ती भजी तळायच्या झाऱ्यासारखी होती. प्रत्येक भांड्यात एक-एक मिनिट, अशा पस्तीस फेऱ्या. भारनियमनाचं वेळापत्रक पाहून रविवार सकाळ ठरवली. सासूबाईंच्या नमुन्यात तोवर पुन्हा अंडी दिसू लागली होती.

आमच्या प्रयोगशाळेतले मामा निवृत्तीला आले होते. त्यांना रविवारी यायची काही गरज नव्हती, पण आले. ते स्टूलवर बसून घड्याळ पाहायचे आणि "उचला" म्हणायचे. मी उचलायची, पुढच्या भांड्यात ठेवायची. फळ्यावर ते खडूने फेरीची रेघ ओढायचे. चौऱ्याण्णव अंशांच्या भांड्यातलं पाणी आटायचं, त्यात मामा किटलीतलं उकळतं पाणी घालायचे. जवळजवळ दोन तास आम्ही दुसरं एक वाक्य बोललो नाही.

तयार नकला पाहायच्या कुठे, हाही प्रश्नच होता. निफाडकडे द्राक्षाच्या रोपांमध्ये विषाणू आहे का, हे तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा निघाली होती. तिथे जेल चालवायची आणि पाहायची सोय होती. तिथल्या बाई माझ्याच वयाच्या. मी काय करते ते ऐकून त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"तयार डीएनए आणा," त्या म्हणाल्या. "पण नमुने नकोत. आमची रोपं आहेत इथे."

मी थर्मासमध्ये बर्फ, बर्फात नळ्या असं घेऊन एसटीने निफाडला गेले. जेल पळवली, अतिनील दिवा लावला. ओळखीच्या कृमींचे पट्टे स्वच्छ उमटले. सासूबाई आणि तांबडी कुत्री, दोघींच्या जागी काळोख.

पुन्हा केलं. पुन्हा काळोख. तिसऱ्या वेळीही. तीन रविवार गेले. मामांनी फळा जरा हळू पुसला.

त्या संध्याकाळी मी घरी पाय धुवायलाही न थांबता पडवीत बसले. सासूबाई कोथिंबिरीची मुळं धूत होत्या.

"काय झालं?"

"तुमचं आणि कुत्रीचं काहीच दिसत नाही. बहुतेक घाण शिल्लक राहते. त्या घाणीत नकला करणारं विकर काम करत नाही."

"किती पाण्यानं धुतलं?"

"एका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी मीठ न घालता पिठलं केलं होतं. "बाजारच्या कोथिंबिरीला आम्ही तीन पाणी देतो. अन् तुला एवढं बारीक काम करायचं, तर एका पाण्यात?"

मला आधी राग आला आणि मग लगेच कळलं की अंडी धुण्यापेक्षा अळ्या धुतलेल्या बऱ्या. विष्ठेतल्या अंड्यांतून अळ्या बाहेर काढायची जुनी पद्धत मी दरवर्षी मुलांना शिकवत होते: गाळण कागदाच्या पट्टीवर नमुना पसरायचा, पट्टी परीक्षानळीत उभी करायची, तळाला थोडं पाणी. आठवड्याभरात अळ्या स्वतःच रांगत पाण्यात उतरतात. घाण कागदावर राहते. ते पाणीही मी तीन नाही, पाच वेळा बदललं. हातमोजे घालून, कारण याच अळ्या कातडीतून शिरतात. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एक-एक अळी उचलून एकेका नळीत ठेवली.

त्या खेपेला आणखी एक नमुना होता. घोटीकडून भातलावणीची कामं करून आलेली एक बाई शेजारच्या मळ्यात कामाला होती. तिच्याकडेही अंडी सापडली होती. तीही नळी ठेवली.

पुन्हा रविवार, पुन्हा मामा, पुन्हा पस्तीस रेघा. विकराने कापायचं काम सोमवारी केलं आणि मंगळवारी दुपारी निफाडला पोचले. जेल चालू केली. तिथल्या बाई आता खुर्ची मागे घेत नव्हत्या, त्यांनाही उत्सुकता लागली होती. आम्ही दोघी चहा घेऊन बसलो, चहा तसाच गार झाला. मग त्यांनी खोली अंधारी केली आणि दिवा लावला.

सगळ्या रांगा उजळल्या होत्या. एकही रिकामी नव्हती, फक्त पाणी घातलेली रांग सोडून. ती रिकामीच हवी होती.

पहिली रांग, माणसाचा ओळखीचा कृमी. दुसरी, कुत्र्याच्या त्या जातीचा ओळखीचा कृमी. तिसरी, घोटीकडची बाई: पहिल्यासारखी. चौथी, आमची तांबडी कुत्री: दुसऱ्यासारखी. पाचवीवर मी बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं.

"ही कोणाची?" बाईंनी विचारलं.

"माझ्या सासूबाईंची."

त्यांनी दुसरी रांग पाहिली, मग पाचवी. पट्टी लावून अंतर मोजलं. "तंतोतंत कुत्र्याची आहे," त्या म्हणाल्या.

मला तेव्हा काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी त्या अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून, मोठ्याने हसत होते. बाईही हसायला लागल्या. आम्ही जेलचे चार फोटो काढले, कारण एकावर माझा विश्वास बसेना. पुण्याच्या सरांना मी निफाडच्या एसटीडी बूथवरून फोन केला. ते म्हणाले, "पुन्हा करा." मी पुन्हा केलं, दोनदा. तेच आलं. मग त्यांनी पुण्यात त्या पट्ट्याची अक्षरं वाचून घेतली. अक्षरंही तीच निघाली. या खेपेला त्यांनीच कॉलेजात फोन केला आणि सांगितलं, "तुमच्या सासूबाई बरोबर होत्या."

हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या चुलीपाशी होत्या. भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबल्या.

"म्हंजे कुत्र्याचंच."

"कुत्र्याचंच."

"मग नुसतं मला औषध देऊन काय उपेग? त्यांला नको का?"

यात सगळी पुढची योजना आली होती. मी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते आधी म्हणाले, माणसाच्या दुखण्यासाठी माझ्याकडे आजवर कोणी आलं नव्हतं. पण फोटो पाहिल्यावर स्वतः मोटारसायकलवर मळ्यात आले, कुत्र्यांची वजनं घेतली, भाकरीत गोळ्या घालून दिल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा यायचं सांगून गेले आणि आले. घरच्या सगळ्यांनी त्याच दिवशी औषध घेतलं. कुत्र्यांची घाण रोज उचलून खोल खड्ड्यात पुरायची, असं ठरलं. आणि सासूबाईंसाठी नवऱ्याने रबरी बूट आणले. पहिले आठ दिवस त्या ते घालून बांधावरून चालल्या तेव्हा स्वतःच थांबून पायांकडे बघायच्या. मग सवय झाली.

खरी गंमत पुढे झाली. सासूबाईंनी हा विषय हातात घेतला. मी एका घरी जाऊन नमुना मागितला असता तर दार लागलं असतं. त्या गेल्या की घरातली म्हातारी, सून, गडी सगळे डब्या द्यायचे. डब्याही कसल्या: पेढ्याचा खोका, काड्यापेटी, एकदा तर चकचकीत पावडरचा डबा. त्या प्रत्येकीला सांगायच्या, "सुनेला दोन्ही ओळखता येतं, माणसाचं अन् कुत्र्याचं." माझ्या पीएचडीचे बहुतेक नमुने असे जमले. आमच्या बाजूच्या मळ्यांत दोन्ही जाती निघाल्या. जिथे कुत्र्याची जात निघाली, तिथे जनावरांचे डॉक्टर गेले. जिथे माणसाची निघाली, तिथे संडासाचं बोलणं झालं. दोन्हीकडे एकच गोळी देऊन भागत नव्हतं, हे आता कागदावर होतं.

पुढचा पावसाळा आला. भाद्रपद संपला तसा मी त्यांचा नमुना पाहिला. एक काचपट्टी, दुसरी, पाचवी, दहावी. एकही अंडं नाही. माझा विश्वास बसेना म्हणून मामांना बसवलं. चष्मा पुसत त्यांनी अर्धा तास शोधलं आणि म्हणाले, "मॅडम, काही नाही हो." त्यानंतरच्या पावसाळ्यातही काही नव्हतं. सासूबाईंच्या पापण्या आतून गुलाबी झाल्या होत्या. झेंडूच्या पाट्या त्या पुन्हा स्वतः उचलून टेम्पोत ठेवायला लागल्या आणि मी धरायला गेले की "सर बाजूला" म्हणायच्या.

पीएचडीची तोंडी परीक्षा पुण्याला होती, सगळ्यांसाठी खुली. सासूबाई म्हणाल्या, मी येते. नऊवारी, नाकात नथ, पायात नवी चप्पल. पहिल्याच रांगेत बसल्या. मी बोलताना त्या पडद्यावरच्या पट्ट्यांकडे रोखून पाहत होत्या. पाचवी रांग आली तेव्हा शेजारच्या प्राध्यापकांना त्यांनी हळूच काहीतरी सांगितलं. नंतर कळलं, "ते मी" म्हणाल्या होत्या.

बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी विकरांबद्दल विचारलं, हाताने केलेल्या फेऱ्यांबद्दल विचारलं, रिकाम्या रांगेबद्दल विचारलं. सगळं नीट सांगता आलं. शेवटी ते म्हणाले, "पुस्तकं तर सांगतात की आपल्याकडे माणसात ही जात क्वचितच. तुम्हाला कुत्र्याचा संशय आला कसा?"

"तो संशय माझा नव्हता," मी म्हणाले आणि पहिल्या रांगेकडे हात केला. "त्यांचा होता. त्यांनी मला विचारलं होतं की पुस्तकाने हे कुत्र्याला सांगितलंय का."

सभागृहात हशा पिकला. सरही हसले, आणि त्यांना सभेत हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सासूबाई हसल्या नाहीत. त्या ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, आणि परीक्षक त्यांच्याकडे पाहून मान झुकवत होते.

निकाल तिथेच जाहीर झाला. चहाच्या वेळी मला लोकांनी घेरलं होतं. गर्दीतून पाहिलं, तर परीक्षक हातात बशी धरून सासूबाईंसमोर उभे होते आणि त्या त्यांना विचारत होत्या, "तुमच्या घरी कुत्रं हाय का?"

"आहे."

"औषध देता का त्याला?"

त्यांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. पण परीक्षकांनी खिशातून पेन काढलं आणि ते हातरुमालाएवढ्या कागदी रुमालावर सासूबाई सांगतील तसं लिहून घ्यायला लागले.